डावीकडे मोकळं

धायरी फाट्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली की माझी मान अजूनही आपोआप डावीकडे वळते आणि ओठांपर्यंत आलेले शब्द मी गिळून टाकते. रिक्षावाल्याला त्यांचा काय उपयोग? ज्यांना होता, ते गावंडेकाका आता नाहीत.

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणत. खरं तर ते कॅप्टन नव्हते. हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचे, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, आणि डोंगरातल्या लढाईत दाखवलेल्या शौर्याबद्दल राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेले. पण ते राहायला आले त्या वर्षी कुणीतरी 'कॅप्टन' म्हणून हाक मारली आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हाक मारली की मी वळून बघतो ना? मग काम झालं."

साठी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा माणूस. केस बारीक कापलेले, शर्टाला घरीच केलेली कडक इस्त्री. आमच्या समोरच्या दारात ते एकटेच राहायचे. बायको आधीच गेलेली, मुलगी बंगळुरूला. हेलिकॉप्टरच्या हादऱ्यांनी पाठ कामातून गेलेली, त्यामुळे सोफ्यावर कधी बसायचे नाहीत, लाकडी खुर्चीच लागायची. कानही तसेच. "मला ऐकू येतं," असं ते सांगायचे, "फक्त काय बोलताहेत ते कळत नाही." दारावरची बेल वाजवून आम्ही थकायचो, शेवटी दाराखालून वर्तमानपत्र आत-बाहेर सरकवायचं, की ते हललेलं बघून दार उघडायचे.

माझी शाळा खडकीला. धायरीहून दोन बस बदलून जायचं म्हणजे सकाळीच जीव अर्धा व्हायचा. एकदा स्टॉपवर उभी होते, तर त्यांची जुनी पांढरी गाडी समोर येऊन थांबली.

"खडकीला ना? बसा. मीही तिकडेच जातोय."

मी मागचं दार उघडायला गेले.

"मागे नाही, बाई. पुढे."

मी पुढे बसले. माझी पिशवी त्यांनी हातात घेऊन जोखली, बाजारात कांदे जोखावेत तशी. "काय काय भरलंय यात?"

"वह्या. तपासायच्या आहेत. डबा, पाण्याची बाटली, छत्री..."

"आकाश बघितलंत का आज? छत्री कशाला?" असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात परत दिली. जास्तीचं वजन त्यांना खपायचंच नाही. घरात दुसरी चादर नसायची, खिशात किल्ली आणि रुमाल यापलीकडे काही नसायचं. कुणी परदेशातून आणलेली भेटवस्तू दिली, तर संध्याकाळपर्यंत ती वॉचमनच्या मुलीकडे गेलेली असायची.

फाट्याला पोचलो. सिग्नल हिरवा झाला. गाडी जागची हलली नाही.

"डावीकडे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, रस्ता विचारताहेत. म्हटलं, "नाही, सरळच जायचं ना?"

"डावीकडे?" त्यांनी पुन्हा तेच विचारलं, समोर बघत.

मागे हॉर्नचा कल्लोळ. एक स्कूटरवाला शेजारी आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "काका, सिग्नल एवढा आवडलाय तर घरी घेऊन जा." काकांना अर्थातच ते कळलं नाही. त्यांनी त्याला मान लववून नमस्कार केला.

"बाई, डावीकडून काही येतंय का ते सांगा."

"नाही. काही नाही."

"मग 'मोकळं' म्हणा."

"मोकळं," मी म्हटलं. गाडी निघाली.

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. काका तर डोळ्यांनी चांगले होते. स्वतःची मान वळवायला काय हरकत होती? पण पुढचं वळण आलं, पुन्हा "डावीकडे?" आणि मी "मोकळं." राजाराम पुलाशी पुन्हा. दांडेकर पुलाशी पुन्हा. खडकीला उतरेपर्यंत ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते खडकीला जायचे. त्या दोन दिवशी मला बस पकडावी लागायची नाही. आमच्या मजल्यावरचे बाकीचे लोक एकदा त्यांच्या गाडीत बसले, की दुसऱ्यांदा बसायचे नाहीत. "पदक मिळालंय म्हणून काय झालं, आम्हाला क्लीनर करतात," असं पाटीलवहिनी म्हणायच्या.

पदकाविषयी मात्र ते अवाक्षर काढायचे नाहीत. एका प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या अध्यक्षांनी झेंडावंदनाला त्यांनाच बोलावलं आणि भलंमोठं प्रास्ताविक केलं. "आता आपले कॅप्टन आपल्याला शौर्याविषयी दोन शब्द सांगतील." काका उठले. वर झेंड्याकडे बघितलं, दोरीला हात लावला आणि म्हणाले, "ही दोरी कुजलीय. पुढच्या वेळेआधी बदला." आणि जाऊन बसले. अध्यक्ष आठवडाभर तोंड पाडून फिरत होते. दोरी मात्र बदलली.

तरीही लोकांना ते हवे असायचे, कारण त्यांना हवा कळायची. सकाळी गच्चीवर जाऊन सिंहगडाच्या बाजूला टक लावून बघत उभे राहायचे. खाली येताना जिन्यात भेटेल तिला सांगायचे, "कपडे दुपारपर्यंत काढा." कधी चुकले नाहीत असं नाही. चुकले की संध्याकाळी दारोदार जाऊन, "आज ढगांनी मला फसवलं," असं सांगून यायचे.

खडकीला ते कुणाकडे जातात, हे मी वर्षभर विचारलं नाही. नात्यातलं कुणी असेल, असं वाटायचं. एकदा शाळा लवकर सुटली. मला परत न्यायला ते थांबलेलेच होते. म्हणाले, "जरा एका घरी चला माझ्याबरोबर. माईंचं दूध तापवायचं राहिलंय."

बाजारामागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. खिडकीशी खुर्चीत एक बाई बसलेल्या. ऐंशीच्या आसपासच्या, नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, आणि जाड भिंगांचा चष्मा. त्या चष्म्यातूनही त्यांना माणसाची फक्त सावली दिसायची.

"कोण आलंय?"

"माई, या माझ्या शेजारच्या बाई. शाळेत शिकवतात."

"ओरडू नकोस. मी बहिरी नाही, तू आहेस." मग माझ्याकडे वळून, "बस गं. हा वर्तमानपत्र वाचून दाखवतो मला. सगळी खडकी ऐकते. खालचा दुकानदार म्हणाला, आजी, मी पेपर बंद केला, तुमच्यावरच भागतं."

काका स्वयंपाकघरात गेले. डबे कुठे आहेत, चिमटा कुठे आहे, हे त्यांना न बघता ठाऊक होतं. माईंचे यजमान दारूगोळा कारखान्यात होते, ते कधीच गेले. भिंतीवर एकच फोटो होता: हवाई दलाच्या गणवेशातला एक हसरा मुलगा, वरचा एक दात जरा पुढे आलेला.

"निखिल," माई म्हणाल्या. मी फोटोकडे बघतेय, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "माझा मुलगा. याच्या शेजारी बसायचा हेलिकॉप्टरात. पंचविसाव्या वर्षी गेला. लढाईत."

मी पुन्हा फोटोकडे बघितलं.

"हा आला होता त्यानंतर. लगेच नाही, दोन महिन्यांनी. इथेच, या दारात उभा. आत ये म्हटलं तरी येईना. मी म्हटलं, एकच सांग. तो शेवटचं काय बोलला? तर हा म्हणतो, शेवटी 'आई' म्हणाला." आत गॅसवर दूध वर येत असल्याचा आवाज येत होता. "मी म्हटलं, तुम्ही साहेब मोठे असाल. पण माझा मुलगा मला जन्मात कधी आई म्हणाला नाही. तो मला माई म्हणायचा. आता खरं सांगा, नाहीतर जा."

"मग?"

"मग रडला. एवढा मोठा अधिकारी, दारात उभा राहून रडला. आणि मग खरं सांगितलं. म्हणाला, शेवटी निखिल म्हणाला होता, 'डावीकडे मोकळं, सर.'"

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवायची राहून गेली.

"मी म्हटलं, हां. हे त्याचं वाटतं. शाळेतसुद्धा विचारलं तेवढंच उत्तर द्यायचा." माईंनी पदर नीट केला. "मग म्हटलं, आता आत या. चहा घ्या."

काका दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आले. आमच्याकडे बघून त्यांना काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पातेल्यावर जाळी ठेवली, वर्तमानपत्र उघडलं आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला लागले. माई मध्येच थांबवून त्यांचा एक शब्द सुधारत होत्या.

परत निघालो. संगम पुलाच्या अलीकडे सिग्नल लागला आणि त्यांनी विचारलं, "डावीकडे?"

वर्षभर जे मी गमतीने बोलत होते, ते आता मला म्हणवेना. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. काका समोर बघत थांबून राहिले.

"मोकळं," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी पूल ओलांडला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"माईंनी सांगितलं वाटतं."

मी मान हलवली.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते पुन्हा कधीच सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. आवाज नेहमीसारखाच होता, जरा मोठा, बहिऱ्या माणसांचा असतो तसा.

डोंगरावर एका कड्याच्या कपारीत दोन जवान जखमी होऊन पडले होते. एकाच्या पोटात गोळी, दुसऱ्याचा पाय गेलेला. पायी खाली आणले असते तर वाटेतच संपले असते. तिथे हेलिकॉप्टर उतरायला जागाच नव्हती. पोटाखालच्या दोन पट्ट्यांपैकी एक दगडावर टेकवायची, दुसरी हवेतच तरंगत ठेवायची, आणि तेवढ्यात माणूस आत घ्यायचा. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, यंत्र वजन उचलत नाही. म्हणून काकांनी आणि निखिलने आधीच मागची बाकं काढली, दारं काढली, तेल जेमतेम परतीपुरतं घेतलं. तरीही एकच माणूस उचलता येणार होता.

"मी हिशोब करत होतो," काका म्हणाले. "एकाला न्यायचं आणि दुसऱ्यासाठी परत यायचं. पण ढग चढत होते. परत येता आलं नसतं. मी निखिलकडे बघितलं. आमच्या दोघांच्या अंगात बुलेटप्रूफ जाकिटं होती, जड. मी म्हटलं, काढ. मीही काढतो. कपारीत जखमींना सांभाळणारे आणखी जवान होते, ते मागेच राहणार होते. त्यांच्याकडे आम्ही ती टाकली. तेवढ्याने जमलं. दोघंही आत आले."

शेजारून बस गेली. गाडी हलली.

"डाव्या हाताला कडा होता. पंख्याचं पातं आणि खडक यांच्यात एवढंसं अंतर." त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. "मला माझ्या बाजूने दिसत नाही. त्याने बघायचं, मी चालवायचं. नियमाने बोलणं इंग्रजीतच व्हायला हवं. पण आम्ही दोघंच मराठी, म्हणून आमचं आपलं मराठीत चालायचं. मी विचारलं, डावीकडे? तो म्हणाला, डावीकडे मोकळं, सर. मी उचललं. समोरच्या डोंगराच्या धारेवरून गोळीबार चालू होता, तो पहिल्यापासूनच चालू होता, त्याचं काही नाही. पुढे दरीत वळण आलं. मी विचारलं, डावीकडे? उत्तर आलं नाही."

त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, संपलं.

"मला वाटलं, हेडफोन बिघडला. पुन्हा विचारलं. मान वळवून बघायची सोय नव्हती, बाई. दोन्ही हात, दोन्ही पाय गुंतलेले. वारा असा, की क्षणभर दुर्लक्ष केलं असतं तर चौघंही गेलो असतो. मी विचारत राहिलो. खाली उतरेपर्यंत विचारत होतो."

ते दोन्ही जवान वाचले. एक सांगलीकडे दुकान चालवतो, दुसरा कृत्रिम पाय लावून मुलाच्या लग्नात नाचला, असं काकांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. निखिललाही पदक मिळालं, मरणोत्तर. ते माईंच्या कपाटात, पातळांच्या घडीखाली असायचं.

"माईंना जाकिटाचं सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. चार वर्षं लागली सांगायला. म्हटलं, माई, काढ असं मी म्हटलं होतं. हुकूम माझा होता. त्यांनी विचारलं, तू स्वतःचं काढलंस का? म्हटलं, आधी काढलं. तर म्हणाल्या, मग मला काय सांगतोस?" काकांनी गाडी सुरू केली. "त्या दिवसापर्यंत मी त्यांना मॅडम म्हणायचो. म्हणाल्या, मॅडम काय, ही शाळा आहे का? माई म्हण. मला त्या दिवशी म्हणता आलं नाही. पुढच्या खेपेला म्हटलं."

घरी पोचेपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांनी विचारलं आणि प्रत्येक वळणावर मी उत्तर दिलं. त्यानंतर मी कधी नुसतं हो किंवा हूं म्हणून वेळ मारून नेली नाही. खरंच डावीकडे बघायचे, नीट, आणि मगच सांगायचे.

मीच त्यांना आमच्या शाळेत आणलं. मुलांशी बोला म्हटलं. नको नको म्हणत होते, पण माई म्हणाल्या, "जा. तिथे निदान दोरीबद्दल बोलू नकोस." म्हणजे झेंड्याची गोष्ट त्यांनी माईंना सांगितली होती तर! त्या दिवशी प्रथमच मी त्यांच्या कोटावर पदक बघितलं. इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

मुलांपुढे ते अवघडून उभे राहिले. हेलिकॉप्टर कसं उडतं ते फळ्यावर काढून दाखवलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर सातवीतली एक मुलगी उठली.

"सर, तुम्ही शत्रूची किती माणसं मारली?"

वर्गात कुजबुज झाली. मुख्याध्यापिका तिला खाली बसवायला पुढे झाल्या. काकांना प्रश्न नीट कळला नव्हता. ते तिच्याजवळ गेले, वाकले, कान पुढे केला. तिने घाबरत पुन्हा विचारला.

"एकही नाही," ते म्हणाले. "आमच्या हेलिकॉप्टरवर बंदूकच नव्हती. आम्ही फक्त माणसं आणायचो."

"मग पदक कशाचं?"

"आणल्याचं."

"सगळ्यांना आणलं?"

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी कोटाच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकली.

"सगळ्यांना आणलं," ते म्हणाले. "पण आणलेल्यांपैकी सगळे राहिले नाहीत."

मुलगी खाली बसली. पोरांना तेवढंच पुरलं, ती फळ्यावरच्या पंख्याविषयी विचारायला लागली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्यांची मुलगी दर सुट्टीत येऊन बंगळुरूला चला म्हणायची. गावाकडून धाकट्या भावाचाही फोन यायचा. त्यांचं गाव दर्यापूरच्या बाजूला. तिथे वाटणीची थोडी जमीन, भावाने बांधलेलं घर. कधीतरी संध्याकाळी चहाला आले की ते तिकडचं बोलायचे. काळी माती, तुरीची शेतं, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. "एकही डोंगर नाही," असं म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मग का जात नाही, असं मी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पुण्याची हवा चांगली आहे."

माईंना न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात आम्ही आळीपाळीने बसायचो. दुपारची वेळ काकांची असायची. ते तिथेही वर्तमानपत्र वाचायचे. परिचारिका येऊन तोंडावर बोट ठेवून गेली, तरी त्यांना कळायचं नाही. शेवटी मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवायचे. एका दुपारी मी शाळेतून सरळ तिथे गेले, तर माई जाग्या होत्या. बोलताना धाप लागत होती.

"अरविंद," त्या म्हणाल्या. काकांचं हे नाव मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकायचे. "आता गावी जा तू."

"बघू. तुम्ही घरी चला आधी."

"इतकी वर्षं माझ्यासाठी थांबलास. बायको होती तोपर्यंत तिला थांबवलंस. मला काय कळत नाही?"

"तसं काही नाही, माई. पुण्याची हवा चांगली आहे म्हणून..."

"खोटं तुला तेव्हाही जमलं नव्हतं," माई म्हणाल्या. मग त्यांनी चाचपडत हात पुढे केला. काकांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. "जा रे. मी सोडते तुला."

काकांना कळलं की नाही, म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले. पण त्यांनी मान हलवली. कळलं होतं.

त्या आठवड्यातच माई गेल्या. अंत्यविधी काकांनीच केले. खडकीचं घर आवरायला मी गेले होते बरोबर. माईंच्या पुतण्याने निखिलचा फोटो काकांना देऊ केला. काकांनी तो घेतला, बघितला, आणि परत पुतण्याच्या हातात दिला. "तुमच्या घरी लावा. घरातला मुलगा आहे तो. घरात राहू द्या."

मंगळवार-शुक्रवारी मी पुन्हा बस पकडायला लागले. काका सकाळी गच्चीवर जायचे, पण आता कपड्यांचं कुणाला काही सांगायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, "काका, आज वाळत घालू का?" तर म्हणाले, "बघितलंच नाही, बाई, आकाश." पुढच्याच महिन्यात त्यांनी गाडी विकली आणि फ्लॅट मुलीच्या स्वाधीन केला. सगळं सामान एका बॅगेत मावलं.

तिकडे ते वर्षभर होते. भावाच्या अंगणात लाकडी खुर्ची टाकून बसायचे, असं मुलीने सांगितलं. तिचा फोन आला तो ते गेल्याचाच. झोपेत गेले. मला जायला जमलं नाही. परीक्षा चालू होत्या, आणि शिवाय मी कोण होते त्यांची? शेजारीण. पण शेजारणीला काय काय उरतं, हे कुणाला सांगून कळायचं नाही. समोरच्या दारात आता एक तरुण जोडपं राहतं, चांगली मुलं आहेत. बेल वाजवली की लगेच दार उघडतं.

काका गेल्याचं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते पुणे स्टेशन. त्यांना पोचवायला मी आणि माझा नवरा गेलो होतो. अमरावतीची गाडी फलाटावर लागलेली. साध्या डब्यातच जायचं, खिडकी उघडता आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ते खिडकीशी बसले, आम्ही बाहेर उभे. "पोचल्यावर फोन करा." "हो." "औषधं वेळेवर घ्या." "हो." यातलं त्यांना किती ऐकू येत होतं, कुणास ठाऊक.

तेवढ्यात समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. मुलाकडे पुण्याला राहून परत निघालेली असावी. तिने गाठोडं बाकाखाली सरकवलं, पदराने तोंड पुसलं आणि काकांकडे निरखून बघितलं.

"कोन्या गावचे जी तुम्ही?"

काकांनी कान पुढे केला. तिने खणखणीत आवाजात पुन्हा विचारलं. काकांनी गावाचं नाव सांगितलं.

"माय वं! आमच्या बाजूचंच. कोनाचे?"

"नानाजी गावंड्याचा."

"नानाजीचा पोरगा?" म्हातारीने गालावर हात ठेवला. "अरविंदा का रे तू? इमान चालोते थो?"

सोसायटीतले कॅप्टन, हवाई दलातले विंग कमांडर, माझे गावंडेकाका. या माणसाला 'अरे अरविंदा' म्हणणारं कुणी जगात शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनाही नसावं. ते बाकाच्या कडेला सरकले.

"थोच मी, मावशी. पन इमान नाही, हेलिकॉप्टर."

"एकच हाय ना बाप्पा थे. उडते ना?"

काका हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं मोकळेपणी, तोंडभरून हसताना बघितलं नव्हतं.

"उडे, मावशी," ते म्हणाले. "लय उडे."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर दोन पावलं चालले, हात वर केला. काकांची पाठ माझ्याकडे होती. म्हातारी काहीतरी सांगत होती, ते तिच्याकडे वाकून ऐकत होते आणि हाताने हवेत काहीतरी दाखवत होते. खिडकी पुढे गेली, डबा पुढे गेला. आमच्याकडे बघून हात हलवायचा त्यांचा राहूनच गेला.